सदतीस नंबरचं मैदान

भिवंडी,
१३ नोव्हेंबर २००६

श्री. दौलत केणे,
केणे केबल व्हिजन, धामणकर नाका.

फोनवर तुम्ही एक बोलता आणि दोन दिवसांनी 'मी असं कधी म्हटलं?' असं मलाच विचारता, म्हणून आजपासून सगळं लेखी. उत्तरही लेखीच द्या. तुम्ही माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे आहात, ते या पत्रापुरतं बाजूला ठेवलंय. इथे मी कामवारी कॉलेजची क्रीडाशिक्षिका आणि तुम्ही केबलवाले.

ऑक्टोबरात आपला करार झाला. आमच्या कॉलेजचं 'मैदान' चॅनेल, सोमवार-बुधवार-शुक्रवार संध्याकाळी दोन-दोन तास. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, मुलांचे सामने आणि मुलींचे सामने. सीडी आम्ही पोचवायची, लावायची तुम्ही. कलम चार तुम्हीच मोठ्याने वाचलंत: 'सदर चॅनेल तालुक्यातील सर्व जोडण्यांवर दाखवण्यात येईल.' प्राचार्यांसमोर सही केलीत, वर दोन कप चहाही प्यायलात.

परवा शनिवारी मी वडप्यात अकरा घरं फिरले. एकाही घरात मैदान लागत नाही. तुमचं स्वतःचं घर वडप्यात, तिथे ताईने सगळी बटणं दाबून दाखवली. मुंग्याच मुंग्या. तुम्ही स्वतःच्या बायकोलासुद्धा फसवता हे बघून मला नवल वाटलं नाही.

मला हे का हवंय ते तुम्हाला माहीत आहे, तरी कागदावर असू दे. आमच्या मुलींची कबड्डी मैदानाच्या मागच्या भागात चालते. तो भाग संस्थेला ट्रकच्या पार्किंगसाठी द्यायचाय. मुलांना हात लावायची हिंमत नाही, म्हणून मुलींवर आलेत. अध्यक्ष म्हणाले, "पोरींची कबड्डी बघतं कोण?" मी म्हटलं, गावं बघतील. तर म्हणाले, "मग चार गावांच्या सरपंचांची पत्रं आणा, आमच्या घराघरात हे बघतात म्हणून." वीस जानेवारीला बैठक आहे. पत्रं नसतील तर चौदा मुलींचा संघ त्या दिवशी बंद.

आठ दिवसांत चॅनेल दिसलं पाहिजे. या पत्राची प्रत प्राचार्यांना दिली आहे.

विनिता तरे


धामणकर नाका,
१६ नोव्हेंबर

विनिताबाई, क्रीडाशिक्षिका यांना दौलत केबलवाल्याचा नमस्कार.

पत्र पोचलं. आमच्या कंट्रोल रूमचा चिंधू सांगत होता, बाईंनी पाकीट असं दिलं की जसं काय कोर्टाची नोटीस. बरं वाटलं. तुझ्या कॉलेजात अजून लिहायला शिकवतात म्हणायचं.

चॅनेल चालू आहे. पहिल्या दिवसापासून चालू आहे, एस सदतीसवर. आमच्या धंद्यात त्या वरच्या नंबरांना हायपर बँड म्हणतात. जुना टीव्ही तिथपर्यंत पोचत न्हाय, त्याला खालचे बारा नंबर आणि मधले थोडे, एवढंच ठाऊक. वडप्यात लोकांनी गोदामांना जमिनी दिल्या, बंगले बांधले, दारात गाडी उभी केली, टीव्ही मात्र लग्नात आलेला. माझ्या घरात पण तोच. मी दिवसभर बारा टीव्हींसमोर बसतो, घरी जाऊन अजून बघू का? त्यात माझा काय दोष?

आता तुझं कलम चार परत वाच, चष्मा लावून. 'दाखवण्यात येईल' असं लिहिलंय. 'दिसेल' असं लिहिलेलं न्हाय. दाखवणं माझं काम. दिसणं ज्याच्या त्याच्या टीव्हीचं काम.

खालचे नंबर भरलेत. बातम्या, भजनं, गाणी, यंत्रमागावर राबणाऱ्या लूमवाल्यांसाठी भोजपुरी आणि उर्दू. सातव्यावर मी जुने पिक्चर लावतो, तो एक काढता येईल. मुलांचे सामने दे, उद्यापासून सातव्यावर लावतो, तुझ्या अध्यक्षांच्या बायकोलाही दिसंल. मुलींचे नको. हाफ पँट घालून पोरी एकमेकींच्या मांड्या धरून लोळतात, ते मी लोकांच्या घरात सासू-सासऱ्यांसमोर लावू? मला गावात राहायचंय.

एक शब्द बोललो तर दोन करतो म्हणतेस. हे घे, लेखी.

दौलत


वडपे,
१९ नोव्हेंबर

विनू,

वालाच्या शेंगांच्या पिशवीत ह्ये पत्र टाकलंय. वाचून फाड.

तुझं आन त्यांचं काय भांडण चाललंय त्ये मना सगळं कळतंय. जेवताना बडबडत असतात. तुना एक सांगतंय, सातवा नंबर मागू नको. सातव्यावर आलं का आमच्याच टीव्हीत त्यांना मनाली दिसंल. बाप समजतोय पोर कंप्युटरच्या क्लासला जातंय. कबड्डीच्या फॉर्मवर सही माझीच हाय, न्हाय म्हणत न्हाय, पन तुझ्या सांगण्यावरून केली.

ती येते तवा ढोपरं फुटलेली असतात. मी हळद लावतंय आन त्यांना सांगतंय जिन्यावरून पडली. आपल्या घराला जिना पाच पायऱ्यांचा, त्यावरून पोर किती वेळा पडंल? पन खेळून येते तवा तिचं तोंड बघ तू. दोन भाकऱ्या जास्त खाते, भांडी घासताना गाणं म्हणते. मना त्ये मोडाचं न्हाय.

तुझा संघ तुना प्यारा, मना माझी पोर. एकाला वाचवाया दुसऱ्याला बुडवू नको.

तुळजा


भिवंडी,
२१ नोव्हेंबर

ताई,

शेंगा छान होत्या. पत्र फाडलं.

तू घाबरू नकोस. समालोचन आमचा भावेश करतो, त्याला मी पहिल्या दिवशीच बजावलंय, मनालीचं नाव घ्यायचं नाही, 'नऊ नंबर' म्हणायचं. आणि आता तर चॅनेल त्या सदतीसवर आहे, कुणाला दिसतंय? दिसायला लागेल तेव्हा तिच्या सामन्यांच्या सीड्या मी बाजूला ठेवीन.

पण ताई, खरं सांगते. तिच्यासारखी चढाई करणारी मुलगी मला अठरा वर्षांत मिळाली नाही. अकलोलीची हेमाली चांगली आहे, पण मनाली मनाली आहे. ती समोरच्या अंगणात गेली की पाच-सहा जणी मागे सरकतात. तुझ्या नवऱ्याला हे बघायला मिळत नाही, ते त्याचंच नशीब.

विनू


भिवंडी,
२७ नोव्हेंबर

श्री. केणे,

दाखवणं आणि दिसणं यात तुम्ही जो फरक काढलात तो एखाद्या वकिलालाही सुचला नसता. उगीच तारा जोडत बसलात.

मुलांचे सामने एकटे मिळणार नाहीत. मैदान घ्यायचं तर सगळं घ्या. मुलांची हाफ पँट चालते आणि मुलींची सासऱ्यांना टोचते, तर दोष सासऱ्यांच्या डोळ्यांत आहे. सातव्यावर तुम्ही जे जुने पिक्चर लावता त्यात नट्या धबधब्याखाली काय नेसून उभ्या असतात ते मी लिहीत नाही, प्रत प्राचार्यांकडे जाते.

शुक्रवारी मी ठाण्याला छत्रीवाल्या कंपनीच्या माणसाला भेटले. गच्चीवर छत्री बसवली की केबलवाल्याची गरजच उरत नाही, आणि चित्र आरशासारखं. ते आमचं चॅनेल घ्यायला तयार आहेत. वडप्यात सत्तर घरं छत्री बसवायला निघाली तर तुम्ही तुमच्या सदतीस नंबरावर आपलं तोंड बघत बसा.

डिसेंबरच्या पाच तारखेपर्यंत मुदत देते.

विनिता तरे


धामणकर नाका,
५ डिसेंबर

विनिता,

मुदत आज संपते म्हणून आजच लिहितो. माणसाने शिस्तीत असावं.

तू ठाण्याला ज्याला भेटलीस त्याचा साडू माझ्याकडून वायर नेतो. त्याने सगळं सांगितलं. कंपनीला चोवीस तासांचं चॅनेल लागतं, अख्ख्या देशाला बघण्यासारखं. तुझ्याकडं आठवड्याचे सहा तास, त्यात अर्धा वेळ भावेश माइक ठोकून बघतोय. तुझं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि लिफ्टपर्यंत सोडायला आला. माझ्याशी थापा मारायच्या तर जरा मोठ्या मारत जा.

पोरींच्या बाबतीत मी मागासलेला आहे असं तुला वाटतं. मग माझ्या मनालीकडं बघ. बी.कॉम.ला आहे, आठवड्यातून तीनदा कंप्युटर शिकते, संध्याकाळी साडेसातच्या आत घरात. वर मान करून बोलत न्हाय. शिकवलं, पण रस्त्यावर न्हाय सोडलं. गावातल्याच गोदामवाल्यांकडून तिला विचारणा आलीय, एकुलता मुलगा. संक्रांत झाली की दाखवायचं ठरतंय. तुझ्या त्या चौदा जणींपैकी कितींना अशी घरं विचारतात ते एकदा कळव.

सातवा नंबर मुलांसाठी अजून मोकळा आहे. मुलींचं मैदान सदतीसवर चालत राहील, कराराला मी चुकत न्हाय.

दौलत


धामणकर नाका,
३० डिसेंबर

विनिता,

आज तुला मायना न्हाय, नमस्कार न्हाय.

काल लूमच्या गल्लीतून तक्रार आली, चित्रात खरखर आहे. चिंधू तापाने घरी, म्हणून मी स्वतः गेलो. संध्याकाळचे सहा. दहा बाय बाराची खोली, सकाळच्या शिफ्टचे वीस-बावीस जण ताटल्या मांडीवर घेऊन टीव्हीसमोर. टीव्ही छोटा, नवा, बाजारातला सगळ्यात स्वस्त. मी मागं जाऊन वायर काढली, टोक सोललं, परत बसवलं. चित्र साफ झालं तसे सगळे 'वाह सेठ' करून ओरडले. मी पुढं येऊन बघितलं, एवढं काय लावलंय. पोरींची कबड्डी. एस सदतीस.

वीस वर्षं या धंद्यात आहे मी. नवा टीव्ही, कितीही स्वस्तातला असला तरी, लावल्याबरोबर आपला आपण सगळे नंबर शोधून घेतो. हे मला सुचलं न्हाय. बंगल्यांत जुने टीव्ही, आणि खोल्यांत नवे. गावात कुणाला दिसू नये म्हणून मी जे लपवलं ते दोन महिने लूमच्या प्रत्येक खोलीत चाललंय. माझ्याच वायरीवरून.

एकाने सरकून जागा केली. 'बैठिए सेठ, नौ नंबर का रेड है.' मी बसलो. नऊ नंबर पाठमोरी होती, केस वर बांधलेले. रेषेला हात लावला, कपाळाला लावला, आणि वळली. माझी मनाली.

एक दाढीवाला म्हातारा घास हातात तसाच धरून बसला होता. म्हणाला, 'बड़ा दम है इस बच्ची में. साँस नहीं टूटती.' कोण वाकडं बोललं असतं तर मी तिथंच त्याचं थोबाड फोडलं असतं. कोण बोललंच न्हाय. बावीस माणसं, एकाने शिटी मारली न्हाय. मग मलाच विचारलं, 'सेठ, यहीं की है क्या ये नौ नंबर?' मी म्हटलं, 'पता नहीं.'

माझी पोर आहे असं मला बोलता आलं न्हाय, विनिता. बावीस लोकांत बसून स्वतःच्या पोरीला मी ओळख दिली न्हाय. ती वेळ तू माझ्यावर आणलीस. तू आणि माझी बायको, दोघींनी मिळून. तुळजाने सगळं कबूल केलं. पाच पायऱ्यांचा जिना. मी किती मूर्ख असेन, तेच मोजतोय.

तिची प्रॅक्टिस बंद. कॉलेजात लेक्चरपुरती जाईल, चिंधू सोडेल आणि आणेल. तू माझ्या घराची पायरी चढू नकोस.

दौलत


भिवंडी,
२ जानेवारी २००७

भावजी,

आज 'श्री. केणे' असं लिहीत नाही, कारण हे घरचं आहे.

मी लपवलं. ते चुकलं असेल तर चुकलं. पण मनाली कुठे काही चोरत नव्हती. खेळत होती. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत ते तुम्ही आता करून दाखवलंच आहे.

तुम्हाला ओळख देता आली नाही, ते माझ्यामुळे नाही. तुमच्या तोंडावर मी हात ठेवला नव्हता. त्या म्हाताऱ्याने तुमच्या पोरीला दाद दिली आणि तुम्ही 'पता नहीं' म्हणालात. हे मी तुमच्या जागी असते तर कुणाला लिहून कळवलं नसतं.

आणि 'दाखवणं' तुम्हाला बरोबर कळतं. गोदामवाल्यांसमोर साडी नेसवून, ट्रे हातात देऊन, खाली मान घालून बसवायचं, याला तुम्ही दाखवणं म्हणता. तिथे अनोळखी माणसं तिला नखापासून केसांपर्यंत बघतील, तेव्हा तुम्ही बाजूला बसून पोहे खायला सांगाल. तिला मैदानात बघणाऱ्यांपैकी एकाने शिटी मारली नाही, हे तुम्हीच लिहिलंय.

तुमचं पत्र वाचून लूमच्या खोल्यांतून दोनशे सह्या गोळा केल्या आणि काल अध्यक्षांकडे गेले. त्यांनी कागद उलटा ठेवला. "हे लोक इथले नाहीत, यांच्या मुली आपल्याकडे शिकत नाहीत. गावांची पत्रं आणा." अठरा दिवस उरलेत. मनालीला सोडा. आणि चॅनेल खाली आणा. दोन्ही मागते आहे.

विनिता


धामणकर नाका,
८ जानेवारी

विनिता,

दोन्ही मिळणार न्हाय. एक मिळेल. निवड तू कर.

लूमच्या गल्ल्यांतून रोज फोन येतात, 'सेठ, वो कबड्डी साफ दिखाओ'. गिऱ्हाईक मागतंय तर मी देईन, मला धंदा करायचाय. हाफ पँटीचं मी आता काय बोलणार, बोलायचं तोंड मला ठेवलंय कोणी? बारा तारखेपासून मैदान सातव्या नंबरावर. मुलं, मुली, सगळं. वडपे आणि आजूबाजूची सगळी गावं, जुन्यातल्या जुन्या टीव्हीवर दिसेल. तुझ्या चार पत्रांना आठ दिवस पुष्कळ झाले.

त्याच्या बदल्यात तू कॉलेजच्या कागदावर लिहून द्यायचं: मनाली दौलत केणे हिचं नाव संघातून कमी केलं आहे, ती परत घेतली जाणार न्हाय, सरावाला मैदानात येऊ दिली जाणार न्हाय. खाली तुझी सही आणि शिक्का. तिच्या सामन्यांच्या सगळ्या सीड्या चिंधूकडे द्यायच्या.

मी नुसतं घरात अडवलं तर तू मागच्या दाराने परत नेशील. तुझी सही असली तर न्हाय नेणार, तेवढं मी तुला ओळखतो. तेरा पोरी वाचतात, एक माझ्या घरात राहते. तुझ्या बाकीच्या तेरा जणींशी मला काही करायचं न्हाय, त्यांचे बाप बघून घेतील.

गोदामवाले सतराला येतायत. त्याआधी मला कागद पाहिजे.

दौलत


भिवंडी,
११ जानेवारी

भावजी,

कागद सोबत आहे. सही, शिक्का. सीड्या एकोणीस, पिशवीत.

तीन रात्री मी याचा विचार केला असं लिहिणार होते, पण तुम्हाला ते सांगून काय उपयोग? तेरा मुलींमध्ये चार जणी अशा आहेत की कबड्डी बंद झाली की त्यांचं कॉलेजही बंद होईल. हेमाली अकलोलीहून पहाटेची एसटी धरून येते, ती फक्त याच्यासाठी. तुम्हाला हे माहीत होतं की नाही कोण जाणे, पण गळा बरोबर धरलात.

मनालीला मी स्वतः सांगेन. तेवढं माझ्यावर सोडा. तुम्ही सांगू नका, ताईनेही सांगू नये.

उद्या संध्याकाळी मी वडप्यात घरोघर जाऊन सातवं बटण दाबून बघणार आहे. तुमचं घर सोडून.

विनिता


वडपे,
२८ जानेवारी

कॉलेजात मी तुला मॅडम म्हणते आणि घरी मावशी. आज दोन्ही लिहवत नाही.

तू सांगणार होतीस, असं आईने मला नंतर सांगितलं. तू आली नाहीस. पंधरा तारखेला शेवटचं लेक्चर चुकवून, चिंधूकाका यायच्या आत, मी मागच्या मैदानावर यायला निघाले. वॉचमनने फाटक अर्धं उघडून परत लावलं. म्हणाला, "मॅडमनी तुझं नाव खोडलंय, मला ऑर्डर आहे." त्याच्या वहीत चौदा नावं होती, माझ्यावर रेघ. तू आत होतीस. तुझी शिटी मला ऐकू येत होती.

सतराला ते लोक आले. मी साडी नेसले, पोहे नेले. मुलाने विचारलं, काय आवडतं. मी म्हटलं, कबड्डी, चढाई करते. बाबा लगेच म्हणाले, शाळेत असताना. मी म्हटलं, नाही, डिसेंबरपर्यंत. त्यांच्याकडून अजून काही निरोप नाही. बाबा मला त्याबद्दल काही बोलले नाहीत, आईला बोलले.

तुला सहा गावांची पत्रं मिळाली आणि संघ राहिला, हे मला हेमालीने सांगितलं. बरं झालं. मी खोटं लिहीत नाही, मला खरंच बरं वाटलं, आणि त्यानंतर मी मोरीत जाऊन रडले.

परवा सव्वीस जानेवारीला बाबा घरी होते. आपल्या संघाचा स्पर्धेतला अंतिम सामना सातव्या नंबरावर लागला. आपल्या त्या जुन्या टीव्हीत स्वच्छ दिसतं. बाबा टीव्ही बंद करतील असं मला वाटलं, पण ते खुर्ची पुढे ओढून बसले. मीही बसले. आई दारात उभी. माझ्या जागी हेमाली चढाईला गेली. बाबांना कबड्डी कळते, मला माहीत नव्हतं. ते गावच्या संघात खेळायचे म्हणे, आईने त्यांच्यादेखत सांगितलं तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नाही. दुसऱ्या डावात हेमाली तिसऱ्यांदा पकडली गेली तेव्हा ते म्हणाले, "ह्या पोरीचा पाय परतताना उशिरा उचलतोय." मी म्हटलं, "माझा नाही उचलत उशिरा."  आपण सहा गुणांनी हरलो. टीव्ही बंद करून ते अंगणात जाऊन बसले, जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

त्यांचा मला राग आहेच. पण ते पहिल्यापासून नाही म्हणत होते, तोंडावर. तू मला पहिल्या वर्षी वर्गातून ओढून मैदानात नेलंस. मी घाबरत होते, घरी खोटं बोलायला लागलं म्हणून मला झोप यायची नाही. तू म्हणालीस, मी आहे ना. तुझ्यावर विश्वास ठेवून मी दीड वर्ष खोटं बोलले. मग बाबांनी किंमत विचारली आणि तू मला देऊन टाकलंस. तेरा मुलींसाठी दिलंस, हे मला समजतं. मी त्या तेराजणींतली एक असते तर कदाचित तुला चांगलंच म्हटलं असतं. मला एकदा विचारलं असतंस तर मी स्वतःहून नाव मागे घेतलं असतं, मावशी. तू विचारलंच नाहीस.

कागदावर बाबांनी मागितलं आणि तू सही केलीस. मी कुठेच सही केलेली नाही.

उद्या सोमवार. संध्याकाळी साडेपाचला मी मागच्या मैदानावर येणार आहे. बाबांना आज सकाळी सांगितलं. ते पेपर वाचत होते, वाचतच राहिले, पण चिंधूकाकांना उद्या घ्यायला येऊ नका असा फोन त्यांनी केला, तो मी ऐकला. त्याचा अर्थ काय ते मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही.

मला अडवायचं असेल तर वॉचमनला पुढे करू नकोस. फाटकाशी तू स्वतः उभी राहा.

मनाली